वाचकांचे प्रश्न : फाटकापर्यंत फोन सोबत येतो, त्यापुढे काय?

गेल्या अंकात दृष्टिबाधितांनी फोनवरचा नकाशा कसा वापरावा याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत मांडलेली आहे : रस्त्यावर नीट वाट सांगणारा फोन इमारतीच्या आत गेल्यावर निरुपयोगी का होतो, आणि त्यावर उपाय काय? मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत दृष्टिबाधितांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवते. त्या कामात जे पाहिले आणि तपासले, त्याच्या आधारे ही उत्तरे देत आहे.

प्रश्न : काचबिंदूमुळे माझ्या वडिलांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली. फोन ऐकत ते एसटी स्टँडपासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत एकटे जातात. आत मात्र केसपेपरची खिडकी, ओपीडी, औषधांची खिडकी यांपैकी काहीच त्यांना सापडत नाही. "तुम्ही पोहोचलात" एवढे सांगून फोन थांबतो. आतली वाट सांगणारे काही तंत्र आहे का? — एक मुलगी, गुहागर

उत्तर : तंत्र आहे, एक नव्हे, अनेक प्रकारचे आहे; पण तुमच्या वडिलांच्या रुग्णालयात उद्या ते मिळणार नाही. म्हणून आधी तंत्र समजावून सांगते आणि मग उद्यापासून काय करता येईल ते सांगते.

फोनला आपली जागा कळवणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. जमिनीपर्यंत येता येता तो इतका क्षीण होतो की काँक्रीटचा स्लॅब त्याला बव्हंशी अडवतो, आणि खिडक्यांमधून जो थोडाफार आत येतो तो भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने आलेला असल्यामुळे फोनचा हिशेब चुकतो. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनची चूक साधारण ५ मीटरपर्यंत असू शकते. रस्त्यावर तेवढी चूक खपून जाते, कारण पुढचे काम काठी करते. रुग्णालयाच्या व्हरांड्यात मात्र ५ मीटर म्हणजे औषधांच्या खिडकीऐवजी दुसऱ्याच वॉर्डाचे दार. शिवाय कोणत्या मजल्यावर आहोत याचा जीपीएसला भरवशाचा अंदाज नसतो.

इमारतीच्या आत सर्वांत जास्त वापरला गेलेला उपाय म्हणजे ब्लूटूथ बीकन. काडेपेटीएवढी डबी, आत सेल, आणि तिचे काम एवढेच की "मी अमुक क्रमांकाची डबी आहे" असे दर सेकंदाला काही वेळा जाहीर करत राहणे. फोन तो रेडिओसंदेश किती जोरात येतो यावरून डबी किती जवळ आहे ते ठरवतो आणि स्वतःजवळच्या नकाशातून ती कोणत्या दारावर बसवली आहे ते वाचून दाखवतो. ॲपलने २०१३ साली आयबीकन आणले तेव्हापासून हे तंत्र सर्वसामान्य फोनवर आले. यातली अडचणही समजून घ्यायला हवी. या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात, त्या पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असते. त्यामुळे रिकाम्या व्हरांड्यात अचूक चालणारी व्यवस्था बाजाराच्या दिवशी, ओपीडीसमोर शंभर माणसे उभी असताना, डबी लांब आहे असे समजू शकते.

दुसरा मार्ग फोनच्या आतल्या संवेदकांचा. पावलागणिक बसणारा हिसका मोजून आणि वळण ओळखून फोन आपण किती चाललो याचा अंदाज बांधतो. प्रत्येक पावलातली बारीक चूक साठत जाते, म्हणून हा अंदाज मधूनमधून एखाद्या बीकनजवळ सुधारून घ्यावा लागतो. ज्या फोनमध्ये वायुदाबमापक असतो त्याला मजला कळू शकतो, कारण दर मीटर चढल्यावर हवेचा दाब सुमारे ०.१२ हेक्टोपास्कलने कमी होतो आणि एका मजल्याचा फरक त्याला जाणवण्याइतका असतो. तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा : इमारत आधी लेझरने मोजून ठेवायची आणि नंतर फोनने समोरचे दृश्य त्या मोजणीशी जुळवायचे. अमेरिकेत अंधांसाठी पुस्तके छापणाऱ्या जुन्या संस्थेतून २०१९ साली निघालेली गुडमॅप्स ही कंपनी याच पद्धतीने काम करते. यात भिंतीवर काहीही बसवावे लागत नाही, पण हातात काठी असताना दुसऱ्या हाताने फोन समोर धरून चालावे लागते, किंवा तो छातीवर अडकवावा लागतो.

या क्षेत्रात ज्यांचे नाव आवर्जून घ्यावे अशा व्यक्ती म्हणजे जपानच्या चिएको असाकावा. लहानपणी पोहण्याच्या तलावात झालेल्या अपघातानंतर चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुढे आयबीएममध्ये संशोधन करताना त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाबरोबर नॅव्हकॉग ही बीकनवर चालणारी व्यवस्था उभी केली, आणि आता तोक्योच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या त्या प्रमुख आहेत. प्रवासी बॅगेच्या आकाराचा, हाताला धरून वाट दाखवणारा यंत्रमानव हे त्यांच्या गटाचे अलीकडचे काम आहे. अंध माणसाला काय हवे हे अंध संशोधकाने ठरवल्यामुळे नॅव्हकॉगमध्ये नुसती वाटच नव्हे, तर वाटेत काय काय आहे हेही सांगितले जाते, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

या सर्व पद्धतींना एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे त्या इमारतीचा आतला नकाशा. तो कोणीतरी बनवलेला असावा लागतो. तुमच्या रुग्णालयाचा तो नसेल, तर जगातले कोणतेही ॲप डाऊनलोड करून उपयोग होणार नाही, आणि "तुमच्या फोनमध्ये हे टाका" असे सांगून मी तुमची निराशा करणार नाही.

आता उद्यापासून काय करायचे ते सांगते. ज्या दिवशी गर्दी कमी असते अशा दुपारी वडिलांना घेऊन जा आणि केवळ वाट शिकण्यासाठी जा, तपासणीसाठी नको. फाटकापासून एकच वाट घ्या : फाटक, केसपेपर, ओपीडी, औषधे, फाटक. त्यांच्या हातात काठी असू द्या आणि तुम्ही त्यांच्या मागे चाला, पुढे नको. प्रत्येक वळणाला त्यांना काय जाणवते ते त्यांनाच बोलू द्या आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. एका काकांनी मला अशी वाट सांगितली होती : "उतार संपला की डाव्या गालाला वारा लागतो, तो व्हरांडा. वारा थांबला की भिंत. भिंतीने चालत गेले की फिनाइलचा वास, तिथे वळायचे नाही, पुढचे दार." हे ध्वनिमुद्रण त्यांचा नकाशा होय, आणि तीन-चार फेऱ्यांनंतर तो ऐकण्याचीही गरज राहत नाही. आयफोन असल्यास क्ल्यू (Clew) नावाचे ॲप एकदा चाललेली वाट लक्षात ठेवून उलट दिशेने परत आणते. ओपीडीतून फाटकाकडे येताना ते उपयोगी पडते. आणि अगदी अडले तर बी माय आइज आहे. २०१५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या सेवेत डोळस स्वयंसेवक कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. केसपेपरवरचा क्रमांक वाचून घ्यायला ती चांगली. गर्दीतून चालताना मात्र थांबून, भिंतीला पाठ लावून मगच फोन करावा, हे वडिलांना अवश्य सांगा.

प्रश्न : मी जन्मतः अंध असून कुडाळला कॉलेजात शिकतो. पाऊस लागला की पत्र्याच्या शेडखालून जाताना काहीच ऐकू येत नाही, फोनही नाही. इअरफोन घालावेत का? आणि स्मार्टकेन घेतली तर साध्या काठीचे शिक्षण सोडले तरी चालेल का? — एक विद्यार्थी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग इतका खरा आहे की आतली वाट सांगणारी व्यवस्था बनवणाऱ्या प्रत्येकाने जुलै महिन्यात कोकणात येऊन पत्र्याखाली उभे राहावे असे मला वाटते. कोरड्या दिवशी तुम्ही जिभेचा किंवा काठीचा आवाज करून भिंत किती लांब आहे ते ओळखता, उघडे दार ओळखता, खांब ओळखता. पाऊस पत्र्यावर पडू लागला की हे सगळे एकदम पुसले जाते, आणि बोलणारा फोन त्याच गोंधळात आपली भर घालतो. कानात बसणारे इअरफोन अजिबात घालू नका, कारण जे थोडे ऐकू येते तेही बंद होईल. कानाच्या पुढच्या हाडावर टेकणारे, कान उघडा ठेवणारे हेडफोन मिळतात, ते घ्या आणि पाण्यापासून सुरक्षित असलेले घ्या. त्याहून चांगले म्हणजे फोनच्या कंपनावर चालणारी सूचना. डावीकडे वळण्यासाठी एक आणि उजवीकडे वळण्यासाठी दोन कंपने देणारी सोय ज्या ॲपमध्ये असेल ते निवडा. आणि पावसाळ्यासाठी वेगळी वाट ठरवा, जिच्यात डावा हात कठड्यावर किंवा भिंतीवर राहील. ती लांबची असेल तरी चालेल.

पावसाचा एक उपयोगही आहे, तो तुम्हाला माहीत असेलच. पागोळ्या जिथे पडतात तिथे छप्पर संपते. तो आवाज एका सरळ रेषेत ऐकू येतो आणि इमारतीची कड दाखवतो.

स्मार्टकेनविषयी : आयआयटी दिल्लीत तयार झालेले आणि २०१४ साली बाजारात आलेले हे उपकरण साध्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसते. ते वटवाघळासारखे मानवी कानाला न ऐकू येणारे ध्वनी सोडते आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीतला अडथळा ३ मीटरपर्यंतच्या अंतरात असेल तर मूठ थरथरते. ग्रिलचे उघडे दार, खाली आलेली फांदी, उभ्या टेम्पोची मागची फळी, हे साध्या काठीला कळत नाही ते याला कळते. खाली जाणारी पायरी, गटार, खड्डा मात्र काठीच्या टोकालाच कळतो. लांब काठीची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी बसवली, आणि त्यानंतर आलेल्या कोणत्याही यंत्राने काठीच्या टोकाची जागा घेतलेली नाही. म्हणून शिक्षण पूर्ण करा, मग मूठ जोडा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची जुनी वास्तू पाडून नवी दुमजली इमारत होत आहे. एका देणगीदारांची इच्छा आहे की दृष्टिबाधित वाचकांसाठी बीकन बसवावेत. किती लागतील, कुठे बसवावेत, आणि पैसे वाया जाणार नाहीत ना? — एक विश्वस्त, मालवण तालुका

उत्तर : गुरुजी, तुम्ही इमारत होण्याआधी विचारलेत म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिते. बांधून झालेल्या इमारतीत हेच काम दुप्पट कष्टाचे होते.

आधी एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका सार्वजनिक इमारतीत बीकन बसवले तेव्हा वाट सांगणारी वाक्ये लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. उद्घाटनाच्या दिवशी सगळे उत्तम चालले. दुसरा पावसाळा संपल्यावर मी एका विद्यार्थिनीला घेऊन तिथे गेले. जिन्याच्या वळणावर फोनने "उजवीकडे" म्हणायला हवे होते, तो काहीच बोलला नाही. आम्ही शिडी मागवून डबी उघडली. सेलच्या स्प्रिंगवर हिरवट गंज चढला होता, झाकणाच्या आत बुरशीचा पट्टा होता आणि कोपऱ्यात पालीची दोन पांढरी अंडी होती. त्याहून वाईट पुढे होते. नोंदणीची खिडकी मधल्या काळात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हलवलेली होती आणि फोन अजून जुन्याच जागी "नोंदणी" म्हणत होता. ती मुलगी एका बंद दारासमोर रांग समजून दहा मिनिटे उभी राहिली होती, हे तिने मला परतीच्या एसटीत सांगितले. व्यवस्था बसवणाऱ्यांनी कसूर केली असे मला म्हणायचे नाही. ती बसवल्यानंतर सांभाळण्याचे काम कोणाच्याही नावावर लिहिलेले नव्हते, एवढेच.

म्हणून देणगीदारांना माझा पहिला सल्ला असा की रकमेचा एक भाग पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी ठेव म्हणून बाजूला ठेवावा, आणि ग्रंथपालांच्या कामाच्या यादीत "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर्व बीकन फोनने तपासणे" ही ओळ लेखी घालावी. हे मान्य नसेल तर बीकन बसवू नयेत असे मी स्पष्टच सांगते. खाऱ्या वाऱ्याच्या गावात रबरी कडा असलेल्या, पाणी आणि धूळ आत न जाणाऱ्या डब्याच घ्याव्यात, सेल पावसाळ्याआधी मे महिन्यात बदलावेत, आणि डब्या बाहेरच्या भिंतीवर न लावता आतल्या कोरड्या भिंतीवर लावाव्यात. वाय-फायच्या लहरींवरून जागा ओळखण्याच्या पद्धतीवर सगळे सोपवण्यापेक्षा सेलवर चालणारे बीकन कोकणात मला जास्त योग्य वाटतात, कारण वादळी पावसात वीज गेली तरी ते चालू राहतात.

किती लागतील हे तुम्हाला काय हवे यावर ठरते. पावलापावलाला, एक-दोन मीटरच्या अचूकतेने वाट सांगायची असेल तर साधारण दर ५ ते १० मीटरला एक बीकन लागतो आणि प्रत्येक जागी संदेश किती जोरात येतो याची आधी मोजणी करून ठेवावी लागते. मोठ्या विमानतळासाठी ते ठीक आहे. दोन दालने, एक जिना आणि एक स्वच्छतागृह असलेल्या वाचनालयाला त्याची गरज नाही. तिथे "आता तुम्ही कोणत्या जागी आहात" एवढे कळले की पुरते. त्यासाठी मुख्य दार, देवघेवीचे टेबल, जिन्याचा तळ, जिन्याचा माथा, वाचनकक्षाचे दार आणि स्वच्छतागृह अशा सहा जागा धरा. डब्या उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, छताच्या खाली बसवा, म्हणजे माणसांच्या आड त्या येणार नाहीत. जिन्याच्या तळाची आणि माथ्याची डबी एकमेकींवर बरोबर येऊ देऊ नका, नाहीतर खालच्या माणसाला फोन वरच्या मजल्यावर असल्याचे सांगेल.

परंतु बीकनच्या आधी जमिनीकडे पाहा. उंचवट्याच्या फरशा १९६५ साली जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे "या दिशेने चाला", गोल उंचवट्यांची फरशी म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे". त्यांना सेल लागत नाही. मुख्य दारापासून देवघेवीच्या टेबलापर्यंत आणि तिथून जिन्यापर्यंत पट्ट्यांची एकच ओळ करा. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या सुमारे ३०० मिलिमीटर अलीकडे गोल उंचवट्यांची ओळ घाला. कंत्राटदार शोभेसाठी त्या फरशीच्याच रंगाच्या घेईल, त्याला पिवळ्याच घ्यायला लावा, कारण तुमच्या दृष्टिबाधित वाचकांपैकी अनेकांना थोडे दिसत असणार आणि त्यांना रंगातला फरक वाट दाखवतो. अशा ओळीवर चपलांचा रॅक ठेवला गेल्याचे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याची जागा नकाशातच ठरवून टाका.

दारांच्या चौकटीवर छापील संकेतही लावता येतील. साध्या क्यूआर कोडची अडचण अशी की ज्याला तो दिसत नाही त्याने त्याच्यासमोर नेमका कॅमेरा कसा धरावा? स्पेनमध्ये विकसित झालेले नॅव्हिलेन्सचे रंगीत संकेत लांबून, तिरप्या कोनातून आणि कॅमेरा नीट रोखलेला नसतानाही वाचले जातात. बुरशी येऊ नये म्हणून ते प्लास्टिकच्या आवरणात घालून लावावे लागतील, पण गेले तर पुन्हा छापता येतात.

आता वाक्यांविषयी, कारण सगळी व्यवस्था शेवटी वाचकाच्या कानात एक वाक्य म्हणून पोहोचते आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. लंडनच्या पिम्लिको या भुयारी रेल्वेस्थानकावर वेफाइंडर या उपक्रमाने बीकन बसवून दृष्टिबाधितांबरोबर चाचण्या केल्या आणि त्यातून अशा सूचना कशा असाव्यात याचे खुले मानक तयार झाले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची २०१७ सालची एफ.९२१ ही शिफारस त्याच कामावर आधारलेली आहे. ते मानक इंग्रजीसाठी लिहिलेले आहे, मराठीत आपल्याला काही गोष्टी स्वतः ठरवाव्या लागतात. इंग्रजीत "डावीकडे वळा" म्हणताना क्रियापद आधी येते, मराठीत ते शेवटी येते. म्हणून "टेबलाच्या पुढे असलेल्या खांबापासून डावीकडे वळा" असे लिहिले तर ऐकणारा खांबाच्या पुढे गेल्यावर त्याला वळायचे कळते. "डावीकडे. खांबापाशी." असे दोन तुकडे करा. आकडे अक्षरांत लिहा, नाहीतर फोनचा आवाज "१ ला" हे "एक ला" असे वाचतो. "तळमजला" आणि "पहिला मजला" यांत वयस्कर वाचकांचा गोंधळ होतो. "खाली" आणि "माडीवर" असे म्हटलेत तर मालवणातला प्रत्येक माणूस समजेल. मीटर नको, पावलेही नकोत, कारण प्रत्येकाचे पाऊल निराळे असते. "उजव्या हाताला भिंत ठेवून, दुसऱ्या दारापर्यंत" हे सर्वांना लागू पडते. सर्व वाक्ये लिहून झाली की तुमच्या गावातल्या दोन दृष्टिबाधित वाचकांना बोलवा, एक जन्मतः अंध आणि एक उतारवयात दृष्टी गेलेला असेल तर उत्तम, आणि ते अडखळतील तिथे माणसाला नव्हे, वाक्याला दुरुस्त करा. त्या दिवसाचे मानधन त्यांना द्या; ते तज्ज्ञ म्हणून आलेले असतात.

प्रश्न : रेल्वे स्टेशनवर फोनच्या साहाय्याने आपला डबा शोधता येईल का? — एक प्रवासी, चिपळूण

उत्तर : डब्याची लांबी साधारण २२ ते २४ मीटर असते आणि फलाटाच्या छपराखाली फोनची चूक कधी कधी त्याच्या निम्म्याइतकी होते. डबा ढोबळपणे कुठे येईल हे कळेल, दार कळणार नाही, आणि फलाटाची कड तर मुळीच कळणार नाही. त्या कडेसाठी गोल उंचवट्यांच्या फरशीची ओळ आणि काठी एवढेच खरे माना. आधी पोहोचून स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून डब्याची जागा विचारून घेणे हाच आजही योग्य मार्ग आहे.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. सार्वजनिक इमारती दृष्टिबाधितांसाठी सुगम करणे कायद्याने बंधनकारक आहे का, आणि निधी कुठला? — राजापूर तालुका

उत्तर : बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे ती मुदत उलटून गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात असे ठरवले की सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ती सक्तीची हवीत. निधीसाठी तुमच्या ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखीव असते, ती पाहा. कायद्यात बीकनचा आग्रह नाही; फरशा, कठडे, ठळक अक्षरांच्या आणि ब्रेलच्या पाट्या यांपासून सुरुवात करा.

प्रश्न : आई ऐंशी वर्षांची आहे, दापोलीजवळच्या जुन्या घरात एकटी राहते. नेत्रपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्यामुळे तिला समोरचे दिसत नाही, कडेचे थोडे दिसते. मी डोंबिवलीला असतो. घरात सेन्सर आणि बोलणारी यंत्रे बसवून द्यावीत असा विचार आहे. — एक मुलगा

उत्तर : तुमची काळजी मला समजते, पण वाट सांगणारे यंत्र त्या घरात बसवू नका. आईंनी ज्या घरात साठ वर्षे काढली त्याचा नकाशा त्यांच्या तळपायांत आहे. खळ्याची सारवलेली जमीन, ओटीची पायरी, उंबरठा, माजघराचा गारवा, स्वयंपाकघराची गुळगुळीत लादी, न्हाणीकडचा उतार. प्रत्येक ठिकाणी पायाला काही वेगळे लागते. तुमच्या लक्षात येणार नाही, पण त्या माजघरातून जाताना डाव्या हाताची बोटे खांबाला टेकवत असतील. आजारपणात नातेवाईक घरी येऊन खाट हलवतात, नवे कपाट आणतात, उंबरठ्यावर पायपुसणे टाकतात, आणि अपघात तिथे होतात.

विद्युत उपकरणांपैकी एक मात्र अवश्य बसवा : हालचाल झाली की आपोआप लागणारे दिवे, माजघरात, न्हाणीच्या वाटेवर आणि मागच्या पडवीत. ज्यांना कडेचे दिसते त्यांना उजेडाचा फार उपयोग होतो. वीज गेल्यावरही चालतील असे, बॅटरीवरचे घ्या. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंची पिवळा पट्टा रंगवा. जांभ्याच्या बाहेरच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात, त्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेण्याचे काम गावातल्या कोणाला तरी पैसे देऊन नेमून द्या, आणि ते पंधरा दिवसांनी करायचे आहे हे ठरवून द्या. संडास बाहेर असेल तर मागच्या दारापासून तिथपर्यंत कमरेच्या उंचीवर जाड दोरी ताणून बांधा, आणि मध्ये एक गाठ मारा, म्हणजे अर्धी वाट झाली हे त्यांना कळेल.

हे सगळे करण्यासाठी गणपतीला गावी याल तेव्हा एक दिवस जास्त राहा. पहिल्या दिवशी काहीही बदलू नका. आईंच्या मागून घरभर फिरा, त्या हात कुठे टेकवतात आणि कुठे थबकतात ते पाहून ठेवा, आणि रंगाचा डबा उघडण्याआधी कोणती पायरी पहिली रंगवायची ते त्यांना विचारा.